न आलेल्या बसचे प्रवासी

४ तारीख, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "राग आला की बोलत जाऊ नका, लिहून काढा. रक्तदाब आटोक्यात राहील." म्हणून ही वही. हा उपाय खरंच चालू ठेवायचा तर डॉक्टरांना वह्यांचं दुकान काढावं लागेल.

आज थांब्यावर कागद चिकटवलेला दिसला. 'प्रवासी माहितीच्या विश्लेषणानुसार मार्ग क्रमांक सहावरील पहाटेच्या पहिल्या फेरीचा फेरविचार करण्यात येत आहे.' फेरीचा फेरविचार! लिहिणाऱ्याचा सत्कारच करायला हवा. ही पहाटेची पहिली बस म्हणजे माझ्या सुनेची बस. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात ती ऑपरेशन थिएटरची नर्स आहे, सहाला हजर व्हावं लागतं. ती बस गेली तर तेवढ्या पहाटे तिला न्यायला काय विमान येणार आहे?

मी तो कागद फाडला. डॉक्टरांनी बोलायचं नाही असं सांगितलंय, फाडायचं नाही असं काही सांगितलेलं नाही.

५ तारीख, मंगळवार

सुनेनं संध्याकाळी माझ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. आकडा सांगितला नाही, नुसती भुवई वर केली. कागदाची हकिकत सांगितली तर हसली. मग पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बंद झाली तर झाली बस, आई. इस्पितळाच्या आवारात क्वार्टर मिळतात."

"क्वार्टर कशाला? हे घर काय पडलंय?"

ती यंत्र खोक्यात ठेवून आत गेली.

लिहूनच टाकते, वही माझीच आहे. माझा मुलगा सहा वर्षांपूर्वी दुसरी बाई बघून दुसऱ्या शहरात निघून गेला. कागदोपत्री सगळं रीतसर तुटलं. सून बॅग भरून निघाली तेव्हा मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, "शेण त्यानं खाल्लं. त्यासाठी घर तू का सोडायचं?" ती राहिली. मुलगा देऊन सून मिळाली, त्या व्यवहारात मी काही बुडाले नाही. पण तेव्हापासून एक धाकधूक आहे ती आहेच. तिला इथे ठेवणारं नातं आता कुठल्याच कागदावर नाही. उद्या उठून गेली तर मी कुठल्या तोंडानं थांब म्हणू?

म्हणून ती बस जायची नाही. मी जाऊ देणार नाही.

७ तारीख, गुरुवार

परिवहन कार्यालयात जाऊन आले. नियोजन विभाग वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. अख्ख्या शहराला वाहून नेणारे लोक, आणि मला वर न्यायला यांच्याकडे काही नाही! वर एक तरुण बाई संगणकाचे दोन मोठे पडदे समोर घेऊन बसली होती. पाटीवर नाव होतं, पण चष्मा घरी राहिला होता. मी तिला आकडेबाई म्हणते.

मला वाटलं हाकलून देईल. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. बसमध्ये चढताना आपण कार्ड लावतो, टिंग वाजतं, ती प्रत्येक टिंग तिच्या पडद्यावर जाते. "हा डोंगर सकाळचा, हा संध्याकाळचा. आणि हे पहाटेचं." पहाटेचं म्हणजे सपाट जमीन.

"त्या जमिनीवर माझी सून आहे," मी म्हटलं.

"काकू, गाड्या मोजक्या आहेत. पहाटेची गाडी अर्धी रिकामी धावते, आणि इकडे बाजाराच्या मार्गावर माणसं दाराला लोंबकळतात. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

प्रश्न बरोबर होता, त्यामुळे राग दुप्पट आला. मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा करता येते, माणसांची नाही. ती हसली आणि मला समजावता समजावता बोलून गेली, "यंत्र दर पंधरवड्याला नवा हिशोब मांडतं. तुमच्या मार्गाची एकूण प्रवासीसंख्या वाढली, तर ते फेऱ्या कापायला सांगत नाही."

मी गुपचूप जिना उतरले. टेलिफोन एक्स्चेंजात जन्म गेलाय माझा. कोण काय बोलून गेलं ते मला बरोबर ऐकू येतं.

८ तारीख, शुक्रवार

तळमजल्यावरची शिवणवाली माझी जुनी मैत्रीण. तोंडात टाचण्या धरून बोलते आणि तरी तिचंच बोलणं सगळ्यांत स्पष्ट असतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "एवढंच ना? त्यांना आकडे हवेत, आपण आकडे देऊ."

आमच्या वयाच्यांना प्रवास फुकट आहे. कार्ड लावलं की टिंग, टिंग वाजली की एक माणूस. तो माणूस कामाला चाललाय की हवा खायला, हे यंत्राच्या बापाला कळत नाही.

११ तारीख, सोमवार

आज पहिली स्वारी. दुपारची भांडी आवरून, जरा पाठ टेकून झाली की सगळ्यांना सोयीचं, म्हणून दुपारचीच वेळ धरली. चौदा जणी जमलो. एकेक कार्ड लावत चढलो, टिंग टिंग टिंग, देवळातल्या घंटेसारखं. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "आजी, उतरायचं कुठं?"

"उतरायचंच नाहीये," शिवणवाली म्हणाली. "तुम्ही चालवा."

शेवटच्या थांब्यावर उतरलो, पुन्हा चढलो, पुन्हा टिंग. वाटेत दोघींनी एकमेकींच्या सुनांची यथेच्छ निंदा केली. मी भाग घेतला नाही. माझ्याकडे निंदेचा साठाच नाही.

इतकं मी गेल्या कित्येक महिन्यांत हसले नव्हते. रक्तदाबही उतरला असणार. सुनेनं विचारलं, "आज काय केलंत?" म्हटलं, "विश्लेषण."

१६ तारीख, शनिवार

मोहीम जोरात. पलीकडच्या दोन इमारतींतल्या बायकाही येतात. एकीनं विणकाम आणलंय, एक नुसती झोपायला येते. तिला बसमध्ये घरच्यापेक्षा छान झोप लागते.

सुनेला मी अजून काही सांगितलेलं नाही. बस वाचली की एकदमच सांगीन. तिचंही लक्ष नसतं म्हणा. जेवताना फोन सारखा गुरगुरतो आणि ती बघून हसते. विचारलं तर म्हणाली, ड्युटीचा ग्रुप आहे. ड्युटीत हसण्यासारखं एवढं काय असतं कुणास ठाऊक. आमच्या एक्स्चेंजात कुणी हसलं की मेमो मिळायचा.

पहाटेच्या बसमध्ये प्रयोगशाळेतला कुणी चष्मेवाला असतो म्हणे, तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवतो. ती पहिल्या थांब्यावर चढते, तो नंतर. म्हणजे जागा धरायला तो उलटा चालत मागच्या थांब्यावर येत असणार. असे शिस्तीचे लोक आहेत म्हणून इस्पितळं चालतात.

२५ तारीख, सोमवार

हात दाखवून अवलक्षण! दुसरा शब्द नाही.

थांब्यावरच्या पडद्यावर नवं वेळापत्रक आलं. 'मार्ग क्रमांक सहा. वाढत्या मागणीनुसार दुपारच्या फेऱ्या दुप्पट करण्यात येत आहेत. पहाटेची पहिली फेरी येत्या एक तारखेपासून रद्द.' आम्ही दुपारी बसलो, म्हणून यंत्राला वाटलं की या गावाला दुपारीच कुठंतरी जायचं असतं. मग पहाटेची गाडी आणि पहाटेचा ड्रायव्हर उचलून दुपारी लावला. माझ्या सुनेची बस दुसऱ्या कुणी नाही, मी काढून घेतली.

शिवणवालीनं टाचण्या तोंडातून काढल्या. "आपण पहाटे का नाही गं फिरलो?"

"पहाटे कोण उठणार होतं?"



संध्याकाळी सुनेला सगळं सांगावं लागलं. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. चौदा जणींचं दोनदा सांगायला लावलं. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "आई, मी क्वार्टरसाठी अर्ज दिलाय."

"आजच?"

"मागच्या महिन्यात."

मागच्या महिन्यात तर कागदही लागला नव्हता. पोरगी हुशार आहे, बस बंद होणार याची कुणकुण तिला आधीच लागली असणार. आता तर बस परत आणलीच पाहिजे. बस आली की अर्ज मागे घेईल.

२७ तारीख, बुधवार

पुन्हा तो जिना. आकडेबाईसमोर उभं राहून सांगितलं, "दुपारची गर्दी खोटी आहे. ती आम्ही केली."

ती आधी बघतच राहिली. मग भडकली. बरं वाटलं, आतापर्यंत फार गोड बोलत होती. "काकू, त्या आकड्यांवरून मी गाड्या हलवल्या! आता खरे कुठले आणि तुमचे कुठले, मी कसे वेगळे करू?"

"चौदा म्हाताऱ्या तुमच्या यंत्राला नाचवतात, तर चूक म्हाताऱ्यांची की यंत्राची?"

"दोघांची," ती म्हणाली. मला ते आवडलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

मी म्हटलं, पहाटेची बस आधी परत द्या. ती म्हणाली, आता एक तारखेनंतर पहाटेची मागणी शून्यच दिसणार, वरिष्ठांना काय दाखवू?

तेव्हा माझा आवाज चढला. लिहायला सांगितलंय ते इथं लिहिते, पण तिथं मी बोलले. "बसच नसेल तर चढणार कशात, तुमच्या पडद्यात? चढलेला माणूस मोजता. जो थांबून थांबून चालत गेला, तो तुमच्या लेखी जन्मालाच आला नाही!"

अख्खा विभाग माना वर करून बघत होता. आकडेबाई मात्र काहीतरी विचार करत होती. म्हणाली, "थांब्यावर नवा खांब आहे ना? कार्ड लावलं की पुढची बस कधी ते सांगतो. त्याचीही नोंद होते. पण नंतर बसमध्ये टिंग झाली नाही, तर यंत्र ती नोंद 'अपूर्ण प्रवास' म्हणून बाजूला टाकतं. ते कुणी बघत नाही."

"तुम्ही बघा."

"बघीन. पण काकू, या वेळी एकही खोटी टिंग नको. एक जरी सापडली, तर मी काही करू शकणार नाही."

पुढच्या महिन्याची १ तारीख, सोमवार

पहाटे थांब्यावर गेले. बस येणार नाही हे माहीत असूनही माणसं आली होती. काल मी दारोदार जाऊन सांगितलं होतं ना. बाजार झाडणाऱ्या तिघी, रात्रपाळीच्या माणसाला सोडवायला जाणारा रखवालदार, पाववाला, इस्पितळाच्या दोन आया आणि माझी सून. एकेकानं खांबाला कार्ड लावलं. खांब दर वेळी गोड आवाजात म्हणाला, "सध्या या मार्गावर सेवा उपलब्ध नाही."

"माहितीये रे बाबा," रखवालदार म्हणाला. "आम्ही उपलब्ध आहोत, एवढं लिहून घे."

मग सगळे हमरस्त्याकडे चालत गेले, तिथून शेअर गाडी मिळते, मिळाली तर. सुनेला न्यायला तो चष्मेवाला स्कूटर घेऊन आला. ड्युटीवाल्यांची सोय, ती म्हणाली. भला माणूस दिसतो. स्कूटरला दुसरं हेल्मेट कायम अडकवलेलं असतं. त्याच्या आईचं असणार.

शिवणवाली विचारत होती, आम्हीही येऊन कार्ड लावू का? मी नको म्हटलं. या वेळी ज्याला जायचंय त्यानंच लावायचं. मीसुद्धा लावलं नाही. मला कुठं जायचंय?

१० तारीख, बुधवार

रोज जाते. पहाटेचं उठणं अंगवळणी पडलंय. आता पंधरा-वीस जण जमतात. इतके लोक या बसला होते हे मलाही ठाऊक नव्हतं. हमरस्त्याला जाणाऱ्यांपैकी काहींनी तर केव्हाच बसचा नाद सोडला होता, आता नुसते कार्ड लावायला वाट वाकडी करतात.

आज खांबाच्या मागे कुणीतरी शाल पांघरून उभं होतं. जवळ गेले तर आकडेबाई! डोळे झोपेनं लाल.

"बघायला आलात?"

"पकडायला आले होते," ती सरळ म्हणाली. "पडद्यावर एवढे अपूर्ण प्रवास दिसले, वाटलं काकूंनी पुन्हा फौज उभी केली."

तिनं प्रत्येकाला विचारलं, कुठं जाता, आता कसे जाता, किती उशीर होतो. बाजार झाडणारी म्हणाली, "बाई, आमचा प्रवास अपूर्ण नाही. तुमची बस अपूर्ण आहे." आकडेबाईनं मान खाली घालून ते लिहून घेतलं. सगळे गेल्यावर मला विचारलं, "तुम्ही रोज येता, मग तुमचं कार्ड एकदाही का दिसलं नाही?"

"मी प्रवासी नाही. मी नुसती भांडायला येते."

तिनं लिहिलेला कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाली, "चहा कुठं मिळेल?" घरी आणून पाजला.

१५ तारीख, सोमवार

आली! सहा नंबरची पहाटेची पहिली बस, दिवे लावून, रिकाम्या रस्त्यावरून. महिनाभर चाचणी म्हणून दिली आहे, आकडे टिकले तर कायम. शिवाय सगळ्याच मार्गांचे अपूर्ण प्रवास आता दर पंधरवड्याला बघणार आहेत. पाववाल्यानं शिट्टी मारली. मी रस्त्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या, या वयात. सुनेनं खिडकीतून हात हलवला.

आता क्वार्टरचा विषय संपला.

१६ तारीख, मंगळवार

संपला नाही. तिला चावी मिळाली.

"बस आणली ना मी परत!"

"फार चांगलं झालं, आई. इतक्या लोकांची सोय झाली."

"आणि तुझी?"

ती माझ्यासमोर खाली बसली. "मी बससाठी जातच नव्हते. सहा वर्षांपूर्वी तुम्ही दार अडवलंत, कारण मला घर हवं होतं. आता मला माझं एक घर करून बघायचंय. यात तुमचं काही चुकलं नाही."

तेव्हा वही आठवायला हवी होती. आठवली नाही. मी म्हटलं, "जा. नाहीतरी तू माझी लागतेस कोण?"

हे मी म्हटलं. ज्या प्रश्नाला सहा वर्षं घाबरत होते, तो मीच तिच्या तोंडावर फेकला. तिनं उठून माझ्या गोळ्या काढून वाटीत ठेवल्या आणि पाण्याचा पेला शेजारी ठेवला.

२० तारीख, शनिवार

ती गेली. सामान दोन बॅगा. रक्तदाबाचं यंत्र माझ्यासाठी ठेवून गेली. मी आतल्या खोलीत कपाट आवरत बसले होते, बाहेर आले नाही. कपाट आवरलेलंच होतं.

२४ तारीख, बुधवार

एका हातानं तो पट्टा दंडाला बांधता येत नाही. तीनदा करून बघितलं. घर फार मोठं झालंय आणि मला फार रडू येतं. शिवणवाली म्हणाली, "मी बांधून देते की." मी म्हटलं, तुला नीट जमत नाही. तिनं बांधून बघितलाच नव्हता.

आकडेबाईचा फोन आला होता. पहाटेचा आकडा एकानं कमी झालाय, सगळं ठीक ना?

म्हणजे यंत्राच्याही लक्षात आलं.

२६ तारीख, शुक्रवार

पहाटे उठले. रक्तदाबाच्या यंत्राचं खोकं पिशवीत घातलं आणि थांब्यावर गेले. बस आली, सगळे चढले, मी शेवटी. कार्ड लावलं. टिंग.

रखवालदार म्हणाला, "आज तुम्हीपण?"

"मलापण कुठंतरी जायचं असतं," मी म्हटलं.

खिडकीची जागा रिकामी होती, मीच बसले. शहर त्या वेळी किती नीटनेटकं दिसतं! इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये ड्युटीआधीचा चहा घेतात हे ऐकून माहीत होतं. ती कोपऱ्यात बसलेली दिसली, समोर तो चष्मेवाला. मला बघून ती उठूनच उभी राहिली. माफी मागायची असं बसमध्ये ठरवलं होतं. त्याऐवजी मी खोकं टेबलावर ठेवलं, बाही वर केली आणि हात पुढे केला.

तिनं पट्टा बांधला.  चष्मेवाल्यानं पळत जाऊन तिसरा चहा आणला आणि स्वतःची खुर्ची मला दिली. खुर्चीखाली दोन हेल्मेटं होती.

"दुसरं तुमच्या आईंचं ना?" मी विचारलं.

"आई... स्कूटरवर बसत नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. सून कपात बघत होती, कपात काहीही नसताना.

मी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. जन्मभर लोकांच्या लाइनी जोडून दिल्या आणि ही एवढी ढळढळीत लाइन मला दिसली नाही! आधी राग आला. हो, आला, लिहूनच टाकते. मग तो येता येता कुठंतरी वाटेतच उतरला.

"आई," सून म्हणाली, "मी सांगणारच होते."

"आकडा सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितला. पहिल्यांदाच सांगितला, आणि भुवई वर गेली नाही.

निघताना मी चष्मेवाल्याला बजावलं, "स्कूटर कशाला फिरवता? बस चाचणीवर आहे. सुट्टीच्या दिवशी दोघं सहा नंबरनं माझ्याकडे येत जा. मी भांडून आणलीय ती, रिकामी धावलेली खपवून घेणार नाही."

तो हो म्हणाला. सून मला थांब्यापर्यंत सोडायला आली आणि बस येईपर्यंत माझा दंड धरून उभी राहिली, पट्टा बांधायचा असतो तिथंच.

चढताना पुन्हा कार्ड लावलं. उद्याही लावणार आहे. यंत्राला मोजायचं तर मोजू दे. तुम्ही निघालात एवढंच ते बघतं, जिच्याकडे निघालात ती तुमची कोण लागते हे विचारत नाही.